परदेशी पाहुण्यांसाठी नऊ सूचना

१८ जून १९७९
ही डायरी लताने आणून दिली. तिचं म्हणणं, तुम्ही मनातलं बोलत नाही, निदान लिहा तरी. माझी बायको नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि मलाही त्याच वर्गात धरते. असो. आज लिहायला कारण आहे.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की सप्टेंबरात सहा आठवडे अमेरिकेला मी जायचं. आयोवा नावाच्या राज्यातलं एक लहान कॉलेज येत्या जानेवारीत आठ विद्यार्थी आपल्याकडे पाठवणार आहे. तीन महिने ती मुलं नाशिकच्या कुटुंबांत राहतील, शिकतील. त्याआधी आपल्यातल्या एकाने तिकडे राहून त्यांना थोडं मराठी आणि इथल्या घरात कसं वागायचं ते शिकवायचं. पहिलं वर्ष नीट पार पडलं तर पाच वर्षांचा करार होईल आणि त्याचं काम माझ्याकडे राहील. भूगोलाच्या माणसाने नकाशाबाहेरचं जग पाहिलेलं नाही, हे प्राचार्यांना पटलं असावं.

स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, हल्ली सरकारचं धोरणच तसं आहे. मीही हसलो. चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो.

आईला सांगितलं. तिने बावीस वर्षं नामपूरच्या बाजारात कांदा निवडला आहे, त्यामुळे कुठल्याही देशाबद्दल तिचा पहिला प्रश्न एकच असतो. मी म्हटलं, तिकडे मका पिकतो.

२ जुलै
विद्यार्थ्यांना घरं शोधण्याचं काम मी आणि इंग्रजीचे गर्गे सर करतो आहोत. गर्गे सज्जन माणूस. आठ घरं ठरली: दोन डॉक्टर, एक वकील, एक द्राक्षबागायतदार, तीन प्राध्यापक आणि स्वतः गर्गे.

आईला यादीचं लताकडून कळलं. जेवताना म्हणाली, "एक पोरगी आपल्याकडं ठेव की." मी म्हटलं, दोन खोल्या आहेत, नळाला पाणी पहाटे येतं, संडास अंगणाच्या टोकाला, नोटांच्या प्रेसची पाळी सुटली की वसाहतीत सायकलींच्या घंटा वाजत राहतात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजवर आपल्या घरी आपलीच मान्सं ऱ्हायली. बाहेरचं कोनी चार दिस ऱ्हायलं, माझ्या हातचं खाल्लं, असं मला एकदा बघायचंय."

मी म्हटलं, यादी प्राचार्यांनी पक्की केली आहे. हे अगदी खरं नाही. यादी माझ्याच अक्षरात आहे. पण घर नको तितकं लहान आहे, हे तर खरं आहे.

६ सप्टेंबर, आयोवा
पोचलो. लिंडक्विस्ट नावाच्या प्राध्यापकांच्या घरी उतरलो आहे. नवराबायको दोघंच, मुलं मोठी होऊन बाहेर गेली. जमीन काळी, सपाट, क्षितिजापर्यंत मका. विमानातून पाहताना मला पाठ्यपुस्तकातली आकृती रंगवून ठेवल्यासारखी वाटली. मला स्वतंत्र खोली, स्वतंत्र न्हाणीघर. पलंग इतका मऊ की पहिल्या दिवशी सतरंजीवरच झोपलो.

९ सप्टेंबर
माणसं चांगली, पण पाहुणचाराची पद्धत कच्ची. सकाळी कॉफी देतात, जेवायला वाढतात, पण मध्ये कोणी पाणी विचारत नाही. काल दुपारी घसा कोरडा पडला. हेलनबाई, म्हणजे यजमानीण, स्वयंपाकघरात होत्या. मी दाराशी जरा वेळ उभा राहिलो. त्या हसल्या, हवेबद्दल बोलल्या, पाण्याचं काही नाही. शेवटी न्हाणीघरातल्या नळाला ओंजळ लावून प्यालो. थंड होतं, चांगलं होतं.

जेवल्यावर मी माझं ताट धुतो, पुसतो आणि कडेला उपडं ठेवतो. हेलनबाई म्हणतात, त्याला यंत्र आहे. यंत्राचं मला काय, सवय ती सवय.

१४ सप्टेंबर
आज हेलनबाईंनी मला नळाला ओंजळ लावताना पाहिलं. कपडे ठेवायला आल्या होत्या. खाली नेऊन त्यांनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, पेले दाखवले, फ्रीज उघडून पाण्याचं भांडं दाखवलं आणि एक पेला माझ्या हातात देऊन स्वतः बाहेर निघून गेल्या. मी एकटाच उभा. भांडं उचललं, ओतलं, प्यालो. कोण जाणे का, छातीत धडधडत होतं. हवा मानवत नसावी.

इथले लोक मोकळे आहेत. मर्यादा म्हणून काही पाळत नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या मुलांना याचं शिक्षण द्यायलाच हवं.

२७ सप्टेंबर
वर्ग उत्तम चालला आहे. आठही मुलं चुणचुणीत. "पाणी मिळेल का" हे वाक्य आता सगळ्यांना बिनचूक येतं. आज मी नऊ सूचनांचा कागद तयार करून वाटला. चपला बाहेर काढाव्या. बस म्हटल्याशिवाय बसू नये. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये. पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला हात लावू नये, दाराशी उभं राहून मागावं. पेला ओठांना न लावता वरून प्यावं. जेवल्यावर आपलं ताट आपण धुवून उपडं घालावं. आणखी तीन आहेत, त्या कपड्यांच्या आणि वेळेच्या.

लिंडक्विस्ट म्हणाले, इतका बारकाईचा कागद आजवर कोणी दिला नव्हता. मला बरं वाटलं. सटाण्याला शिकत असताना एका मास्तरांच्या घरी मी पाच वर्षं दर शनिवारी जेवलो. फार मायेने वाढायचे. चांगल्या घरात कसं वागायचं हे मी तिथे शिकलो. त्या शनिवारांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर
रूथ नावाची मुलगी आहे. बाप शेतकरी, डुकरं पाळतो. वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न हिचे. आज तिने विचारलं, सर, मी तुमच्याच घरी राहू शकते का? मी म्हटलं, तुझ्यासाठी डॉक्टरांचं मोठं घर ठरलं आहे, गच्ची आहे, बाग आहे. ती म्हणाली, मला गच्ची नको. मग तिने कागद पुढे धरून विचारलं, हे नऊ नियम तुमच्या घरी पण आहेत का?

मी म्हटलं, साधारण सगळीकडे असंच असतं. उत्तर देताना माझी नजर खिडकीबाहेर गेली. मक्याची कापणी चालली होती.

९ जानेवारी १९८०, नाशिक
मुलं काल आली आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. ज्या डॉक्टरांकडे रूथ राहणार होती त्यांच्या सासूबाई मोरीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं. घरात पाहुणा ठेवणं अशक्य. बाकी घरं भरलेली. गर्गे रूथसमोरच म्हणाले, पगारे, तुमच्याकडे? मी खोल्या, नळ, संडास, सगळं पुन्हा सांगायला लागलो. रूथने पेटी उचलली होती.

आईला निरोप द्यायलाही वेळ मिळाला नाही. आम्ही दोघं रिक्षातून उतरलो तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली आणि रूथकडे बघत राहिली. मग आत जाऊन नवीन लुगडं नेसून आली. आईला इतकं आनंदात मी माझ्या नेमणुकीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. शेजारच्या रंगूबाईला तिने हाक मारून सांगितलं की आमच्याकडं ऱ्हायला आलीया, तीन महिने.

११ जानेवारी
रूथचं वागणं अगदी आदर्श. चपला बाहेर. सांगितल्याशिवाय बसत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून "पाणी मिळेल का" म्हणते, आई देते, ती पेला उंच धरून एक थेंब न सांडता पिते. ताट धुऊन भिंतीला उपडं ठेवते. मला शिक्षक म्हणून अभिमान वाटला. लताला तसं म्हटलं. तिने तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

१४ जानेवारी
संक्रांत. वसाहतीत दोनचार घरांत अजून तिळगूळ करतात, आमच्याकडे सणाचं असं काही नसतं, पण आईने रूथसाठी पुरणाचे मांडे केले. खापरावर मांडा टाकताना ती तिला हात करून आत बोलावत होती. रूथ उंबऱ्याशी थांबली, मान हलवून नको म्हणाली, माझ्याकडे बघून हसली. म्हणजे, सर, लक्षात आहे. मांडे चांगले चार खाल्ले तिने, पण बाहेरच्या खोलीत.

आई नंतर जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली.

१६ जानेवारी
आईचं काहीतरी बिनसलं आहे. सकाळपासून पाण्याचा हंडा चिंचेने घासत बसते. काल घासला, आज पुन्हा घासला. मी म्हटलं, आई, इतकी टापटीप कशाला, आपल्याला काय प्रदर्शन भरवायचंय? ती नुसती घासत राहिली. पेलेही सगळे काढून घासले. मोठ्या माणसांना पाहुण्यासमोर मिरवायची हौस असते, हे मी समजू शकतो.

१९ जानेवारी
लताने आज मला अंगणात गाठलं. म्हणाली, तुमच्या आईच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसतंय का? रूथ आपल्या हंड्याला हात लावत नाही, पेल्याला ओठ लावत नाही, आपल्याला तिचं ताट धुवू देत नाही, स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. आईंना वाटतं, तिला कोणीतरी आपली जात सांगितली.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती तिथे जाऊन बसलो. चिडली किंवा दुखावली की ती अजून नामपूरचं बोलते. मान वर न करता म्हणाली, "मन्हा हातनं पानी तिले चालत नही का?"

आता माझ्या लक्षात येतंय. रूथ दर दोन दिवसांनी गर्गेंच्या घरी जाते, त्यांच्याकडे आठांतला पीटर राहतो. तिथे कोणीतरी तिच्या कानात काहीतरी घातलं असणार. गर्गे तोंडाने गोड. अमेरिकेहून आलेल्या मुलीलासुद्धा आठ दिवसांत हे शिकवायचं, म्हणजे हद्द झाली. सोमवारी विचारतोच. करार मोडला तरी चालेल.

२१ जानेवारी
विचारलं. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

गर्गे लायब्ररीत एकटेच होते. मी बसलोही नाही. म्हटलं, रूथला तुमच्या घरी काय सांगितलं गेलं ते मला ऐकायचंय. त्यांना काही कळेना. मग म्हणाले, मीच तुम्हाला विचारणार होतो. पीटर आमच्या स्वयंपाकघराबाहेर उभा राहून पाणी मागतो. बायकोने दहादा आत बोलावलं, येत नाही. परवा त्याने ताट धुवून मागच्या भिंतीला उपडं लावलं. माझी आई ऐंशीची आहे, तिने ते ताट पाहिलं आणि मला म्हणाली, कोण आलं होतं जेवायला?

गर्गेंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच, सायक्लोस्टाइल केलेला.

"पगारे, आमच्याकडे असं ताट फक्त—" एवढं बोलून ते थांबले. चष्मा काढून पुसत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?"

मी सटाण्याचं सांगितलं. मास्तर, शनिवार, पाच वर्षं. सांगता सांगता मला ती जागा दिसायला लागली. मी जेवायचो ती ओसरीची कड. माझं ताट ठेवायचा तो गोठ्याजवळचा कोनाडा. मास्तरीणबाई वरून पाणी ओतायच्या, मी ओंजळ धरायचो. माया होती, खोटं नाही बोलत, त्यांनी मला उपाशी राहू दिलं नाही. पण त्या स्वयंपाकघरात काय होतं, चूल कुठे होती, हे मला आजही सांगता येणार नाही. आणि तेच मी आठ मुलांना आमच्या देशाची रीत म्हणून शिकवून आलो.

गर्गेंचा हात माझ्या खांद्यावर होता. मी त्यांच्यावर काय आळ घेऊन आलो होतो ते त्यांना कळलं होतं की नाही, माहीत नाही. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी आपण दोघांनी कोणाची मागायची ते बघू.

बसने परत येताना शेजारचा माणूस सरकून बसला तरी मी उभाच राहिलो. त्याने दोनदा म्हटलं, बसा.

२२ जानेवारी
काल घरी गेल्यावर बोलण्याचा धीर झाला नाही. आज कॉलेजातून लवकर आलो. लता शाळेत, रूथ ओट्यावर बसून शब्द पाठ करत होती. आई आत होती. मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, आई, तिला कोणी जात सांगितलेली नाही. तिला असं वागायला मी शिकवलं.

कागद काढून मराठीत वाचायला लागलो. उंबरा ओलांडू नये. हंड्याला हात लावू नये. पेला वरून. आईने हात वर करून मला थांबवलं आणि पुढचं स्वतःच म्हणाली, "आनि ताट धुवून उपडं घालायचं." थोड्या वेळाने म्हणाली, "हे आपलं ठावंय मला. हे दुसऱ्याच्या दारात जायचं असतं तवाचं."

मी म्हटलं, मला वाटलं सगळीकडे असंच असतं.

"आपल्या घरी असतं का?"

मी कागदाची घडी घातली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पाटलाच्या ओट्याखाली मी जशी उभी ऱ्हायची, तशी त्या पोरीला तू माझ्या दारात उभी केलीस, सहादू. आनि मी येडी, रोज हंडा घासत बसले, म्हनलं माझंच भांडं कुठं मळकं दिसतंय का काय."

मला रडू आलं. अडतीस वर्षांचा माणूस, आईसमोर गुडघ्यात तोंड घालून रडलो. तिने मला रडू दिलं. पाठीवर हात फिरवला नाही. मी डोळे पुसल्यावर म्हणाली, "तवा यादीतनं आपलं नाव प्राचार्यांनी काढलं का तू?"

मी म्हटलं, मी. घातलंच नव्हतं.

"लाज वाटत व्हती?"

हो म्हटलं. हा शब्द मी कधी कोणाजवळ उच्चारलेला नाही, लताजवळही नाही. नळ, खोल्या, सायकलींच्या घंटा, सहा महिने मी काय काय पुढे केलं होतं. हो, लाज वाटत होती. आपल्या घराची, तिच्या बोलण्याची, कांद्याच्या वासाची, जो तिच्या हातांना आता येतही नाही.

आई उठली. म्हणाली, "आता हे तिलाबी सांग. मी हितं उभी ऱ्हाते. समदं सांग, मधलं गाळू नको."

ओट्यावर रूथसमोर मी उभा राहिलो, बाजूला आई. इंग्रजीत सगळं सांगितलं. कोण उभं राहायचं, कुठे, का. मास्तर, शनिवार, कोनाडा. आईला इंग्रजी कळत नाही, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती रूथच्या तोंडाकडे बघत होती, मी कुठे गाळतोय का ते तिथून समजून घेत होती. एकदा मी अडखळलो तर म्हणाली, "पुढं."

रूथने शब्दांची वही मिटली. तिचे डोळे भरले होते. तिने आईकडे पाहून चुकीच्या मराठीत माफी मागितली. आईने मानेनेच नाही म्हटलं, तिची नव्हेच चूक. मग रूथने मला इंग्रजीत विचारलं, तर मग सर, या घरात नक्की कसं राहायचं असतं? मी वहीत नव्याने लिहून घेते.

मी आईला विचारलं, हिला आपल्या घराचं काय सांगू?

आई म्हणाली, "तिला म्हन, ह्याला इचारू नको. ह्याला आपलं घर ठावं नाय. मला इचार."

मी ते इंग्रजीत करून सांगितलं, एकही शब्द न गाळता.